निफाडची थंडी आणि ब्रॉयलरची शेड: पडदे लावायचे तरी किती?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. आमची शेड निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या अंगाला आहे. तीन हजार पक्ष्यांची, लांबी पूर्व-पश्चिम, खाली मातीची जमीन, त्यावर भाताच्या तुसाची गादी, दोन्ही बाजूंना जाळी. कंपनीच्या करारावर पक्षी पाळतो. म्हणजे पिल्लू, खाद्य, औषध त्यांचं. शेड, मजुरी, लाईट आणि ऊब आपली.

सध्या दुपारी अंगातला शर्ट नकोसा होतो आणि पहाटे स्वेटरवर घोंगडी घेऊन शेडमध्ये शिरावं लागतं. दुपारी २८, पहाटे ७. पिल्लं चार-पाच दिवसांची आहेत. दोन शेगड्या कोळशावर चालू, वर बल्ब. पडदे दुहेरी लावलेत, आतून खताच्या गोण्या शिवून केलेले आणि बाहेरून प्लॅस्टिक. कुठे बोटभर फट ठेवलेली नाही. तरी पहाटे पिल्लं सगळी एका अंगाला गोळा होतात, एकमेकांवर चढतात आणि उजाडल्यावर खालची चेपून मेलेली निघतात.

दुसरं म्हणजे मागच्या हिवाळ्यातली बॅच. सुरुवातीला मर अगदी कमी होती. पण चौथ्या आठवड्यात चांगले वजनदार पक्षी पोट फुगून बसायला लागले. फाडून पाहिलं तर पोटात पिवळसर पाणी.

सुपरवायझर म्हणतो, सगळं बंद करा आणि ऊब वाढवा. शेजारचे काका म्हणतात, हवा दे, कोंडून मारतोयस पोरा. दोघंही छातीठोक बोलतात. तुम्ही काय करता ते सांगा.

सिन्नरचा_वारा

आधी एक सांगा, पिल्लं गोळा होतात ती शेगडीखाली की शेगडी सोडून एका बाजूला? दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. शेगडीला चिकटून ढीग केला तर ऊब कमी पडतेय. शेगडीपासून लांब, कडेला, पंख सोडून आणि चोच उघडी टाकून बसली तर ऊब जास्त झालीय. आणि शेगडी मध्ये चालू असताना सगळी एकाच दिशेला सरकली, तर समोरच्या दिशेने झोत येतोय. पिल्लू झोताकडे पाठ करून पळतं. बरोबर ऊब असली की पिल्लं गार्डभर (शेगडीभोवती उभ्या केलेल्या कुंपणात) सारखी पांगतात, काही खातात, काही पितात, काही पाय ताणून आडवी पडतात, आवाज बारीक किलबिलीचा असतो. थंडी वाजत असली तर आवाज तीक्ष्ण होतो, रडल्यासारखा. दारातून ऐकूनच कळतं.

तुम्ही 'एका अंगाला' लिहिलंय, म्हणून मला झोताची शंका येते. पडदे वरून घट्ट असतील, पण खालच्या दीड फुटाचं काय? जाळीखालची भिंत आणि पडदा यांच्यामधली फट बघा. पहाटे चारला आत जा, खाली बसा, ओला हात पिल्लांच्या उंचीवर धरून भिंतीच्या कडेने फिरवा. किंवा उदबत्ती लावा, धूर कुठे वळतो ते दिसेल. उभ्या माणसाला हे कळत नाही. आपण साडेपाच फुटांवरची हवा घेतो, पिल्लू तीन इंचांवरची.

थर्मामीटर कुठे टांगलाय तेही लिहा. बहुतेक शेडमध्ये तो खांबाला, वाचायला सोपा पडेल अशा उंचीवर असतो. तिथे ३३ दाखवतो आणि गादीवर २४ असतात.

शेडनंबर_दोन

वरच्या प्रतिसादाला +१. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आणि शेगडीच्या बरोबर खाली नको, तिच्या कडेला थोडा बाहेर. ३०० रुपयांची वस्तू नीट जागी टांगायला काही पडत नाही.

कादवाकाठ

थर्मामीटर खांबालाच आहे, छातीच्या उंचीवर. आत्ता खाली ठेवून आलो. संध्याकाळचे सात वाजलेत, गादीवर २७ दाखवतोय, खांबाला ३२ होते.

पिल्लं दक्षिणेकडे सरकतात, म्हणजे झोत उत्तरेचा. उदबत्तीचं पहाटे करतो.

पशुवैद्य

मी याच जिल्ह्यात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण ते एकमेकांना जोडलेले आहेत.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पहिले दहा-चौदा दिवस ते बाहेरच्या उबेवरच जगतं. मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं, पिल्लाचं त्याहून थोडं कमी, आणि अंगावर पिसं नाहीत, नुसती लव. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पाठीच्या उंचीवर ३२-३३ अंश हवेत. आठवडा संपताना ३०, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी २७, तिसऱ्याला २४ आणि चौथ्या आठवड्यात २१-२२ वर आणून थांबायचं. हे आकडे मार्गदर्शक समजा. पिल्लांची मांडणी आणि आकडा यांचं जुळलं नाही तर पिल्लांवर विश्वास ठेवा.

आता पोटातलं पाणी. याला जलोदर म्हणतात. ब्रॉयलरची वाढ इतकी वेगवान असते की त्याचं हृदय आणि फुप्फुस आधीच ताणावर चालतात. थंडी पडली की अंग गरम ठेवायला पक्ष्याला जास्त प्राणवायू लागतो. त्याच वेळी आपण पडदे गच्च लावतो, शेगडीचा धूर आणि पक्ष्यांचाच उच्छ्वास आत कोंडतो, म्हणजे प्राणवायू कमी होतो. गरज वाढली आणि पुरवठा घटला. मग फुप्फुसात रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो, ती फुगते, थकते, रक्त मागे यकृतात तुंबतं आणि त्यातलं पाणी पोटात झिरपतं. वेगाने वाढणारे पक्षी, त्यातही नर, आधी सापडतात. म्हणून तुम्हाला 'चांगले वजनदार' पक्षी गेलेले दिसले.

हे दुखणं दिसतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पण त्याची सुरुवात बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांतल्या थंडीत आणि कोंडलेल्या हवेत झालेली असते. पोट भरल्यावर औषधाने तो पक्षी परत येत नाही. लघवीचं औषध पाण्यातून द्या असं कोणी सुचवलं तर पैसे वाचवा.

एक गोष्ट काळजीपूर्वक वाचा. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. पिल्लांना घातक आहेच, माणसालाही आहे. पिल्लांवर लक्ष ठेवायला म्हणून गडी किंवा घरातलं कोणी पेटत्या शेगडीसोबत बंद शेडमध्ये झोपत असेल तर ते आजच थांबवा. शेगडी बाहेर पेटवायची, धूर संपून निखारा लाल झाला की आत आणायची. तरीही हवेला वर वाट पाहिजेच.

हिशोबी

डॉक्टरसाहेब, सगळं मान्य. पण फट ठेवली की ऊब जाते, ऊब गेली की कोळसा जास्त, आणि कोळसा कंपनी देत नाही. करारात उबेचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे. पुस्तकात ३३ लिहिणं सोपं आहे. निफाडात पहाटे बाहेर ६-७ असताना आत ३३ ठेवायला काय जळतं ते ज्याचं त्याला माहीत.

सिन्नरचा_वारा

हिशोबी, म्हणूनच अख्खी शेड तापवायची नसते. तीन हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात तिसरा हिस्सा जागा पुरते. मध्ये छतापासून खालीपर्यंत आडवा पडदा टाका, आणि त्या खोलीला वरून, आठेक फुटांवर, प्लॅस्टिकचं खोटं छत करा. हे खोटं छत आणि आडवा पडदा यांच्यात वीतभर जागा मोकळी सोडा. पिल्लं वाढतील तसा पडदा मागे सरकवायचा. पत्र्याचं छत रात्री बर्फासारखं होतं, खोटं छत केलं नाही तर तुमची निम्मी ऊब त्या पत्र्याला जाऊन लागते आणि पहाटे पत्र्याखालून पाणी ठिबकतं ते वेगळंच. आपल्याकडे द्राक्षबागेवर टाकलेला जुना प्लॅस्टिक पेपर स्वस्तात मिळतो, बागलाणात तर आगाप द्राक्षांमुळे भरपूर. फाटका चालतो, चिकटपट्टी लावा.

दुसरं, जमीन. शेड आधी तापवता का? पिल्लं यायच्या निदान २४ तास आधी शेगड्या पेटल्या पाहिजेत, कडाक्यात त्याहून आधी. हवा तासाभरात तापते, माती तापत नाही. पिल्लाचे पाय आणि पोट गादीला टेकलेलं असतं, गार जमीन त्याची ऊब खालून ओढून घेते. गादीचं तापमान ३० च्या जवळ आल्याशिवाय खोकी उघडू नका.

दिंडोरीची_मावशी

मी आणि माझी सून मिळून शेड बघतो. आमची एक सोपी खूण सांगते. पिल्लू हातात घ्यायचं आणि त्याचे पाय आपल्या गालाला लावायचे. पाय गार लागले तर शेडला कितीही आकडा दाखवू दे, पिल्लाला थंडी आहे. दहा ठिकाणची दहा पिल्लं घ्यायची, एकाच जागची नाही.

दुसरं म्हणजे गळ्याखालची खाद्याची पिशवी. पिल्लं आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला चाचपायची. मऊ भरलेली लागली तर खाल्लं आणि प्यालं. कडक लागली तर खाल्लं पण पाणी नाही. रिकामी लागली तर ते पिल्लू उबेपासून हललंच नाही. थंडीतलं पिल्लू भांडं दोन फुटांवर असलं तरी जात नाही, म्हणून भांडी उबेच्या कडेलाच ठेवायची. शेगडीच्या खाली नको, पाणी तापतं आणि खाद्य कोरडं पडतं.

पाणी पहाटे टाकीतलं नका देऊ, बोटं बधिर होतात. आम्ही चुलीवर तपेलं ठेवतो आणि कोमट करून देतो. निपल (चोच मारली की थेंब देणारी पाण्याची नळी) असेल तर टाकीला गोणपाट गुंडाळा आणि पहाटे नळीतलं रात्रभराचं गार पाणी सोडून द्या.

गार्ड गोल ठेवा. कोपरा दिसला की पिल्लं कोपऱ्यात चढतात. शेडच्या चौकटीतही कोपऱ्यांत तूस भरून गोलाई करा.

कादवाकाठ

मावशी, पायाची खूण लगेच करून पाहिली. दहापैकी सात गार.

उदबत्तीही लावली. उत्तरेच्या भिंतीवर पडदा खाली टेकतो तिथे जवळजवळ सगळ्या लांबीला झोत आहे. आमचा पडदा वर बांधलेला आणि खाली सोडलेला आहे. म्हणजे उघडताना खालून गुंडाळतो. खाली फक्त विटा ठेवल्या होत्या दाबायला.

पशुवैद्य

पडदा उलटा आहे. खालची कड भिंतीला पक्की हवी, पट्टी मारून, आणि पडदा वरून खाली उघडला पाहिजे. उन्हाळ्यात खालून गुंडाळलेला चालून जातो, हिवाळ्यात नाही. खालून येणारी गार हवा जड असते, सरळ पक्ष्यांवर पडते. वरून आलेली हवा आधी छताखालच्या गरम हवेत मिसळते आणि कोमट होऊन खाली उतरते. तीच फट, तेवढीच हवा, पण जागा बदलली की परिणाम उलटा.

दोन्ही बाजूंना वर चार-सहा बोटांची फट. रात्री उत्तरेची कमी, दक्षिणेची थोडी जास्त. पहिल्या आठवड्यात दोन बोटं पुरतील, पण शून्य कधीच नाही. सकाळी ऊन वर आलं की दक्षिणेचा पडदा आणखी खाली घ्या, चारच्या सुमाराला परत वर. दिवस-रात्रीत वीस अंशांचा फरक असणाऱ्या गावात पडदा हा दिवसातून चार-पाच वेळा हलवायचा असतो. एकदा बांधून विसरता येत नाही.

घोटीकर

तुसाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, आमचा भाग भाताचा आणि गिरण्यांचा. हिवाळ्यात गादी तीन-चार इंच हवी. उन्हाळ्यातली दोन इंचांची गादी थंडीत गोधडीऐवजी टॉवेल अंथरल्यासारखी होते. नवीन भाताचा तूस कधी कधी ओलसर येतो, मुठीत दाबून बघा. दाबल्यावर गोळा राहिला तर उन्हात पसरून वाळवा. उघड्यावर भिजलेला, बुरशीचा वास येणारा तूस फुकट दिला तरी घेऊ नका, पिल्लांच्या छातीत बुरशी जाते.

आणि रोज हलवा. पाण्याच्या भांड्यांखालची जागा आधी. पापड धरला की तो काढून बाहेर टाका आणि कोरडा तूस घाला.

शेडनंबर_दोन

गादी ओली झाली की आम्ही चुना मारतो. वर्षानुवर्षं मारतोय.

पशुवैद्य

चुना रिकाम्या शेडला मारा, बॅच निघाल्यावर, जमिनीला आणि भिंतींना. पक्षी आत असताना ओल्या गादीवर चुना टाकलात की वास आधी वाढतो. विष्ठेतला नत्र अमोनियाच्या रूपात गादीत अडकून असतो. गादी आम्लधर्मी असली तर तो अडकून राहतो, चुन्याने ती अल्कधर्मी झाली की वायू होऊन सुटतो. डोळ्यांतून पाणी येतं ते यामुळेच. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की श्वासनळीच्या आतली बारीक लव बधिर होते, धूळ आणि जंतू बाहेर टाकायचं तिचं काम थांबतं, मग सर्दी, घरघर आणि त्यावर ई. कोलाय जिवाणूंची लागण. हिवाळ्यात ज्याला शेतकरी 'थंडी लागली' म्हणतो, त्यातलं बरंच हे असतं.

आपलं नाक मात्र इथे दगा देतं. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याला वास येईनासा होतो. बाहेरच्या माणसाला आत बोलवा, पण पायात शेडचीच चप्पल घालायला लावा.

शेडनंबर_दोन

आमच्याकडे तरी चुन्याने गादी कोरडी होते, हे डोळ्यांनी बघितलंय.

पशुवैद्य

होते, ओल ओढून घेतो तो. पण त्या दोन दिवसांत पक्ष्यांच्या नाकात काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. चुना टाकायचाच असेल तर ओला पापड आधी बाहेर काढा, खालच्या उघड्या जमिनीवर थोडा भुरभुरा आणि वर नवा तूस.

येवल्याचा_मका

मला एक कळत नाही. पहाटे बाहेर धुकं असतं, दव असतं. ती ओली हवा आत घेऊन गादी कोरडी कशी राहील? बंद ठेवलेलं बरं नाही का?

सिन्नरचा_वारा

हा प्रश्न मलाही पूर्वी पडायचा. हवा साधारण दहा-अकरा अंश तापली की तिची पाणी धरायची ताकद दुप्पट होते. बाहेरची ७ अंशांची हवा धुक्याने शंभर टक्के भरलेली असली तरी आत येऊन १८ झाली की ती निम्मीच भरलेली उरते, आणि २८-२९ झाली तर पाव. म्हणजे तीच धुक्याची हवा आत कोरडी होऊन गादीतलं पाणी उचलते आणि वरच्या फटीतून घेऊन जाते. पडदा बंद असेल तर पाणी उचललं तरी जाणार कुठे? पत्र्याला लागून परत गादीवर.

आणि पाणी किती असतं याचा अंदाज घ्या. तिसऱ्या आठवड्यात पक्षी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खातो आणि खाद्याच्या पावणेदोन-दोन पट पाणी पितो. तीन हजार पक्षी म्हणजे तीन क्विंटल खाद्य आणि पाच-सहाशे लिटर पाणी, रोज. थोडं अंगात राहतं, बाकीचं सगळं श्वासातून आणि विष्ठेतून शेडमध्येच पडतं.

हिशोबी

हे पटलं बुवा. आता गॅसचं सांगतो, कारण मी कोळशावरून गॅसवर गेलोय. गॅसचा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी शेगडी, वापरायला सुटसुटीत, रात्री कोळसा घालायला उठावं लागत नाही, ऊब एकसारखी. पण सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच घ्या, घरचा १४.२ चा शेडला लावणं नियमात नाही. आणि सिन्नरकरांच्या पाण्याच्या हिशोबात भर घालतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ तयार होते. कोळशाला धूर आणि मोनॉक्साईड, गॅसला वाफ. फटीतून सुटका कशातच नाही.

खर्चाची तक्रार मीच केली होती, तर दुसरी बाजूही मांडतो. पक्ष्याला थंडी वाजली की तो खाद्य जाळून अंग गरम ठेवतो. समजा एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारं खाद्य, १.६ चा १.७ झाला. दोन किलोच्या पक्ष्यामागे २०० ग्रॅम खाद्य जास्त. तीन हजार पक्ष्यांना सहा क्विंटल, म्हणजे ५० किलोच्या बारा गोण्या. खाद्य कंपनीचं असलं तरी ते आपल्या दरातूनच कापलं जातं. खाद्य हे सगळ्यात महाग इंधन आहे. कोळसा परवडला.

बागवाला_पिंपळगाव

कोंबड्यांमधलं मला काही कळत नाही, द्राक्षवाला आहे. पण थंडीने दोघांचीही झोप उडवलीय. आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ड्रिप सोडतो, मणी तडकू नयेत म्हणून. छाटणीच्या काड्यांचे ढीग पडून असतात, शेगडीला चालतील का? नेऊन टाका हवं तर.

घोटीकर

वाळलेल्या काड्या लवकर भडकतात, लवकर विझतात आणि धूर फार. बागेत धूर पसरलेला चालतो, शेडमध्ये नाही. धुराडं असलेली बुखारी असेल आणि धुराडं छताबाहेर काढलेलं असेल तरच. आणि औषध मारलेल्या बागेच्या काड्या आहेत, हे विसरू नका.

रानपाखरू

अवांतर: निफाड म्हणजे नांदूरमध्यमेश्वर जवळ. रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. थंडीत तिथे परदेशी बदकं येतात आणि बदकांबरोबर बर्ड फ्लूचा विषाणू येऊ शकतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. शेडच्या जाळीला भोक नको, पाण्याची टाकी झाकलेली हवी, धरणावर फिरून आलेले बूट शेडमध्ये नकोत. पाखरांचा दोष नाही हो, ती हजारो वर्षं येतायत.

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार, काय केलं ते सांगतो. उत्तरेचा पडदा सोडून उलटा केला, खालची कड लाकडी पट्टीने भिंतीला ठोकली. मध्ये आडवा पडदा आणि वर प्लॅस्टिकचं छत घातलं, पेपर पिंपळगावहूनच आणला. गार्ड गोल केले. वर दोन्हीकडे फट ठेवलीय. शेगड्या बाहेर फुलवून आत आणतो. पहाटे आता पिल्लं पांगलेली दिसतात, चेपून मरणं थांबलंय. कोळसा वाढेल असं वाटलं होतं, उलट थोडा कमी लागतोय, जागा लहान झाल्यामुळे असेल.

दोन अडचणी राहिल्यात. रात्री लाईट गेली की पिल्लं एकदम घाबरून एकमेकांवर जातात, शेगडी चालू असली तरी. आणि लस पाण्यातून द्यायची आहे, पण थंडीत पाणीच कमी पितात, लस तासन् तास भांड्यात पडून राहते.

दिंडोरीची_मावशी

अंधाराची सवय लावा. ज्या पिल्लाने अंधार कधी पाहिलाच नाही ते लाईट गेली की बावरतं. पहिले दोन-तीन दिवस सोडून मग रोज रात्री थोडा वेळ आपणच दिवा बंद करायचा, शेगडीची ऊब चालू ठेवून. जास्त वेळ मात्र नको. डिसेंबरात दिवस अकरा तासांचाच असतो, रात्री खाल्लं नाही तर वजन येत नाही. एक छोटा एलईडी इन्व्हर्टरवर ठेवा, चांदण्याएवढा उजेड पुरतो.

पशुवैद्य

लसीचं पाणी उन्हाळ्याच्या मापाने मिसळू नका. आदल्या दिवशी त्या वेळेला दीड-दोन तासांत किती पाणी संपलं ते मोजा आणि तेवढ्यातच लस मिसळा. लस थंडगार पहाटे नको, ऊन वर आल्यावर, पिल्लं चळवळी असताना द्या. त्याआधी तासभर पाणी उचलून ठेवा, थंडीत थोडं जास्त चालेल. पाण्यात क्लोरीन नको आणि स्निग्धांश काढलेली दूध पावडर घाला. मावशींचं कोमट पाणी इथे वापरायचं नाही, लसीला गरम सोसत नाही. साधं पाणीच घ्या.

येवल्याचा_मका

आमची बॅच पुढच्या आठवड्यात निघतेय. गाडी रात्री दोनला येते म्हणे. थंडीत पक्षी भरताना काही वेगळं करावं लागतं का? की ताडपत्री टाकून पूर्ण झाकून घ्यायची?

सिन्नरचा_वारा

पूर्ण झाकलीत तर मधल्या क्रेटमधले गुदमरतात. समोरून आणि दोन्ही अंगांनी झाका, मागची बाजू मोकळी ठेवा, वर थोडी उसवून. गाडी पळायला लागली की बाहेरच्या क्रेटला वारा झोंबतो, तो अडवला की झालं. पक्षी भरायच्या सहा-आठ तास आधी खाद्य उचला, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू. पक्षी ओले होऊ देऊ नका, ओला पक्षी गाडीतच जातो. आणि भरताना दार सताड उघडं ठेवून शेडभर पळापळ करू नका, मागे उरलेल्या पक्ष्यांनाही थंडी आहे. दोन-दोनशेचे गट पडद्याने वेगळे करा.

हिशोबी

गाडी दोनला येते म्हणाले की साडेचार धरा. खाद्य त्या हिशोबाने उचला, नाहीतर वजन काट्यावर जातं आणि भांडण आपल्याशी. निघाल्याचा फोन आल्यावर उचललेलं बरं.

कादवाकाठ

येवलेकर, आमच्याकडे मागच्या वेळी साडेपाचला आली होती. आणि पिल्लांची गाडीही रात्रीच येते. यंदा कंपनीला सांगून सकाळी नऊनंतरची मागितलीय, बघू देतात का.